जहाजवाल्यांचा कर्णा

"बोलला."

एवढा एकच शब्द ते अंगणाबाहेर उभे राहून म्हणायचे आणि पुढच्या घराकडे वळायचे. आत चूल पेटवत बसलेली बाई मान वर करायची नाही, पण तिचा हात पुन्हा चालू लागायचा. हिवाळ्यात दाट धुकं पडलं की रोज सकाळी हा कार्यक्रम. बारा-पंधरा घरं, बारा-पंधरा वेळा "बोलला". मग ते पंचायतीच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि काखेतला पितळी कर्णा धोतराच्या सोग्यानं पुसायला घ्यायचे.

सगळा गाव त्यांना जहाजवाले म्हणायचा. मी त्या गावाचा ग्रामसेवक होतो. गाव म्हणजे धरणाच्या पाण्यानं उठवलेलं आणि वर माळावर नव्यानं बसवलेलं. रस्ते सरळ, प्लॉटना नंबर, मधोमध पाण्याची टाकी. जुनं गाव खाली वैनगंगेच्या पाण्यात. जिल्ह्याचे दोन तुकडे झाल्यानंतर काही वर्षांनी माझी तिथं बदली झाली. मी राहायला भंडाऱ्यात. सकाळी मोटारसायकल काढायची, कारध्याचा पूल ओलांडायचा आणि अकराच्या सुमारास गावात पोचायचं. त्याआधी गावात काय घडतं ते मला लोकांच्या तोंडूनच कळायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त माझा उंट पेट्रोलवर चालायचा.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, जो आयुष्यभर एका कामात मुरतो आणि मग ते काम जगातून गेलं तरी तो त्यातून बाहेर येत नाही. जहाजवाले तसे होते. चालताना दोन्ही पाय फाकवून, जपून टाकायचे. जमीन हलत नाही हे त्यांच्या पायांना अजून कुणी कळवलं नव्हतं. चहाचा कप ओट्याच्या कडेला कधी ठेवायचे नाहीत, मधोमध ठेवायचे. आणि लांबून कुणी येताना दिसलं की कर्णा तोंडाला लावून तीन प्रश्न विचारायचे.

"कोन? कोठून? कोठी?"

मला रोज ओळखायचे, तरी रोज विचारायचे. मी गाडी थांबवून हेल्मेट काढायचो आणि सांगायचो, ग्रामसेवक, भंडाऱ्याहून, पंचायतीत. मग ते कर्णा उलटा करायचे, अरुंद तोंड कानाला लावायचे, माझं उत्तर जणू मैलभरावरून येत आहे अशा बेतानं ऐकायचे आणि जसंच्या तसं परत म्हणायचे. मी मान डोलावली की वाट मोकळी. पहिल्या महिन्यात मला हा माणूस वेडा वाटला. दुसऱ्या महिन्यात मी घरी बायकोला त्याची नक्कल करून दाखवली. तिसऱ्या महिन्यापासून ते ओट्यावर नसले की चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

त्यांचं घर धानवाल्यांचं. नदीकाठी चांगली काळी जमीन. विशीत असताना घरात काहीतरी बिनसलं आणि ते उठून निघाले. फौजेच्या भरतीसाठी नागपूरला गेले, तिथं छाती कमी भरली, तर घरी न येता पुढं मुंबईला. बंदरात हमाली, मग मालवाहू जहाजावर खलाशी, मग वर्षानुवर्षांनी खलाशांचा मुकादम, ज्याला जहाजावर सारंग म्हणतात. तीस वर्षं पाण्यावर काढली. आई गेली तेव्हा ते कुठल्या तरी समुद्रात होते, बाप गेला तेव्हाही. दोन्ही वेळा धाकट्या भावानं आग दिली.

कर्णा एका म्हाताऱ्या कप्तानानं दिलेला. जहाज भंगारात काढायच्या आदल्या दिवशी त्यानं आपल्या खोलीतल्या भिंतीवरून तो काढला आणि सारंगाच्या हातात ठेवला. हातभर लांब, पुढं फुलासारखा पसरलेला, कडेला एक पोचा. भंडाऱ्याच्या एका कासारानं तो पोचा काढून देतो म्हटलं होतं. यांनी काढू दिला नाही.

कर्ण्याचा इतिहास ऐकायचा असेल तर चहा आपण पाजायचा, हा अलिखित नियम होता. तो त्यांना त्या कप्तानानं सांगितलेला. फार जुन्या काळी कुण्या राजाकडे म्हणे एवढं प्रचंड शिंग होतं की कोसांवर पांगलेलं सैन्य त्यानं गोळा व्हायचं. पण त्यातून नुसता आवाज जायचा, शब्द नाही. शब्द लांब धाडायची युक्ती पुढं शेकडो वर्षांनी एका इंग्रजाला सुचली. त्यानं पहिला कर्णा काचेचा केला. इथं जहाजवाले थांबून आमच्या तोंडाकडे बघायचे, कारण काचेचं ऐकून कुणीतरी हसणार हे ठरलेलं होतं. मग तांब्याचा केला, राजासमोर बागेत बोलून दाखवला, किनाऱ्यावरून समुद्रातल्या जहाजापर्यंत बोलून दाखवला. लगेच दुसऱ्या मुलखातला एक पाद्री उठला, म्हणाला हे तर मी आधीच करून ठेवलंय. "साहेब, भांडन तेव्हापासून आहे," जहाजवाले म्हणायचे. "ज्यानं आवाज मोठा केला त्याच्याबद्दल लोक भांडले. ऐकनाऱ्याबद्दल कोनी भांडलं नाही."

शिडांच्या जहाजांवर कप्तान मागच्या बाजूला उभा आणि माणसं वर डोलकाठीवर. वादळात शेजारच्याचं ऐकू येत नाही तिथं वरच्याचं काय येणार. म्हणून कर्णा. हुकूम एका दमात सांगायचा नाही. शब्द तोडायचा, ताणायचा, सोडून द्यायचा. वरच्या माणसानं तो हुकूम परत ओरडून सांगितला की मगच तो पोचला असं धरायचं. परत आला नाही तर पुन्हा सांगायचा. आणि हुकूम एकाच तोंडातून निघायचा. एका जहाजावरून दोन आवाज निघाले की शिडावरचा माणूस मेला, असं ते म्हणायचे.

पण त्यांना सगळ्यात प्रिय होती ती भर समुद्रातली भेट. महिनोन्‌महिने पाण्याशिवाय काही नाही आणि समोरून दुसरं जहाज आलं, तर दोघं जवळून जायची आणि कप्तान कर्ण्यातून एकमेकांना विचारायचे, कोण, कुठून, कुठं. बस्स एवढंच. वारा कुणासाठी थांबत नाही. पण आधी जे जहाज बंदरात पोचायचं ते तिथं सांगायचं की अमुक जहाज अमुक ठिकाणी बोललं. ते वर्तमानपत्रात छापून यायचं. खलाशांच्या बायका ते वाचून घ्यायच्या. घरचा माणूस कसा आहे, जेवला की नाही, काही कळायचं नाही. बोलला एवढं कळायचं, म्हणजे त्या दिवसापर्यंत तरी होता. पुढं तारा आल्या, बिनतारी यंत्रं आली, विजेचे भोंगे आले आणि कर्णा भिंतीवर गेला. काही मुलखांत म्हणे सत्काराला कर्णा भेट द्यायचे आणि लोक त्यात फुलं ठेवायचे. हे सांगताना जहाजवाल्यांचा चेहरा असा व्हायचा की कुणी त्यांच्याच तोंडात फुलं कोंबलीत.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की ते धुक्यात काय करायचे.

जमिनी पाण्याखाली गेल्यावर गावातल्या कितीतरी धानवाल्यांनी पन्नाशीत पहिल्यांदा डोंग्यात पाय ठेवला. जाळं घेतलं, मासे धरायला शिकले. जुन्या मच्छीमारांच्या अंगात पाणी असतं, तसं यांच्या नव्हतं. त्यात खाली जुन्या गावाची आमराई. पाणी चढणार हे माहीत असताना लोकांनी घरांची कौलं उतरवली, दारं-चौकटी काढल्या, विहिरीवरचा रहाटही नेला. आमराईला मात्र कुणी कुऱ्हाड लावली नाही. आपल्या आजोबानं लावलेलं झाड आपल्या हातानं कसं पाडायचं, पाणी काय करायचं ते करील, असं म्हणून सगळे वर आले. पाण्यानं झाडं मारली, पण पाडली नाहीत. वाळलेल्या बुंध्यांची ठुठं पाण्याच्या हातभर खाली उभी राहिली. ऊन असताना त्यांची काळी सावली दिसते, माणूस वळसा घालतो. धुक्यात काही दिसत नाही.

म्हणून धुकं पडलं की जहाजवाले घाटावरच्या एका ठरलेल्या दगडावर उभे राहायचे. तिथून समोरचं पाणी मोकळं, आमराई डाव्या हाताला दूर. एकेका डोंग्याचं नाव घेऊन विचारायचे, कोन, कोठून, कोठी. मग कर्णा उलटा करून कानाला. पाण्यावरून कुणी ओरडायचं, कुणी वल्हं डोंग्यावर आपटायचं. उत्तर डावीकडून आलं की ते सांगायचे, तुह्या डाव्या हाताले घे. परत विचारायचे. उत्तर समोरून येईपर्यंत त्या माणसाला सोडायचे नाहीत. मी ते एकदाच पाहिलं, तेही मुद्दाम लवकर उठून. मला त्यात विशेष असं काही दिसलं नव्हतं. एक म्हातारा ओरडतो, थांबतो, पुन्हा ओरडतो. त्यातला बहुतेक वेळ ते गप्पच असायचे.

त्यांचा तो धाकटा भाऊही डोंगा घेऊन जायचा. दोघांची घरं एकाच ओळीत, मधे एक प्लॉट मोकळा. पण बोलणं नाही. तू निघून गेलास, मायबाप मी सांभाळले, त्यांना उचललं मी, आता म्हातारपणी जमिनीचा अर्धा हिस्सा मागायला आलास, अशी धाकट्याची अढी. जमीन तर पाण्याखाली गेली होती, पण अढीला जमीन लागत नाही. लग्नात, मयतीत, ग्रामसभेत दोघं समोरासमोर यायचे आणि माना वळवायचे. धुक्यात मात्र गत्यंतर नव्हतं. घाटावरून प्रश्न यायचा आणि पाण्यावरून धाकट्याला आपलं नाव, आपलं गाव सांगावं लागायचं. हिवाळ्यातल्या त्या पंधरावीस सकाळी सोडल्या तर दोघा भावांनी वर्षात एकमेकांशी एक शब्द काढला नसेल. त्या दिवशी जहाजवाले ओट्यावर आले की कर्णा जरा जास्तच घासायचे. मी विचारायचो, काकाजी, आज खूश दिसता. ते म्हणायचे, काही नाही, पितळेले डाग पडला होता.

धाकटा माझ्याकडे तक्रार घेऊन आला ती याच गोष्टीची. ओट्यावर चारचौघांत म्हणाला, "साहेब, रोज सकाळी मले नाव विचारते. माहं नाव माहीत नाही का त्याले? सारा घाट हासते." सगळे हसले, मीही हसलो. बोलता बोलता तोही हसला. पण मी ती तक्रार डोक्यात ठेवली, कारण नेमका त्याच वेळी पंचायतीला ध्वनिक्षेपकाचा संच मिळाला होता आणि तो कशाला वापरायचा ते मला सुचत नव्हतं.

आता पुढचं सगळं माझं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

मी पाण्याच्या टाकीवर दोन भोंगे बसवले, पाठीला पाठ लावून, म्हणजे साऱ्या गावाला ऐकू जावं. माझ्याच आवाजात एक सूचना भरून घेतली. मच्छीमार बांधवांनो, धुकं पडलं आहे, आवाजाच्या दिशेनं किनाऱ्याकडे या. तीच सूचना फिरून फिरून वाजत राहील अशी सोय केली. सकाळी धुकं दिसलं की पंचायतीच्या शिपायानं बटण दाबायचं. ग्रामसभेत ठराव मांडला, टाळ्या पडल्या. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण नथ मिरवायची हौस सगळ्यांनाच होती. कागदी घोडे नाचवणाऱ्या माणसाच्या हातात एकदा खरोखर काहीतरी वाजणारं आलं होतं. मला फार बरं वाटलं.

सभा संपल्यावर मी जहाजवाल्यांजवळ गेलो. म्हटलं, काकाजी, पुष्कळ केलंत, आता थंडीत उभं राहायची गरज नाही, आराम करा. ते भोंग्यांकडे बघत होते. त्यांनी एकच विचारलं.

"थो ऐकते का?"

मी हसलो. दुसऱ्या दिवशी तालुक्याला मीटिंगमध्ये हा किस्सा सांगितला, तिथंही सगळे हसले. टाकीपासून डोंगे असतात तिथपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती बरोबर आमराईवरून जाते, हे मला माहीत नव्हतं. कसं असणार? मी कधी डोंग्यात बसलोच नव्हतो.

त्या हंगामातलं पहिलं मोठं धुकं पुढच्याच आठवड्यात पडलं. शिपायानं बटण दाबलं. जहाजवाले नेहमीप्रमाणे उठून घाटावर गेले. कर्णा बरोबर होता, दगडावर उभेही राहिले, पण तोंड उघडलं नाही. का, ते त्यांनी नंतर मला सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. टाकीवरून हाक चालू होती. तिच्यात आपली हाक मिसळली तर पाण्यावरच्या माणसाला दोन दिशा दिसतील. एक आवाज पंचायतीनं ठरवला, तर दुसऱ्यानं गप्प राहायचं, हा त्यांचा जहाजावरचा कायदा. म्हणून ते नुसते ऐकत उभे राहिले. कर्णा उलटा करून कानाला लावला.

"लय कान देला, साहेब. पन त्यात तुमचाच आवाज ये."

हे ते रागानं बोलले नाहीत. कोणत्या बाजूनं वारा होता हे सांगावं तसं सांगितलं.

सगळे डोंगे त्या दिवशी भरकटले. दोघंतिघं जाळी तशीच सोडून उलट दिशेला पार गेले आणि ऊन पडेपर्यंत पलीकडच्या काठाला लागून राहिले, म्हणून वाचले. धाकटा भाऊ सांगितल्याप्रमाणे आवाजाच्या दिशेनं आला. सरळ आमराईत. ठुठावर डोंगा चढला आणि उलटला. अंगात दोन स्वेटर, पायात जाळं. घाटापासून तो किती दूर होता, तर हाकेच्या अंतरावर. त्यानं हाका मारल्या असतील. नक्कीच मारल्या असतील, माणूस असा गुपचूप जात नाही. पण गावात, घाटावर, अख्ख्या पाण्यावर माझी सूचना घुमत होती, बांधवांनो, बांधवांनो, आणि दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

मी अकरा वाजता पोचलो तेव्हा घाटावर गर्दी होती. धुकं विरलं होतं. टाकीवरून मी अजून बोलतच होतो. बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

जहाजवाले छातीइतक्या पाण्यात उभे होते. तिघांनी धरून त्यांना बाहेर आणलं. त्या सकाळी ते कुठल्याच अंगणासमोर गेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी मृत्यूच्या नोंदीचा कागद घेऊन धाकट्याच्या घरी गेलो. अंगणात माणसं बसली होती, जहाजवाले कुंपणाला टेकून एका बाजूला. इथली रीत तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सांगतो. नवऱ्याचा मोठा भाऊ तो भासरा. घरची सून भासऱ्यासमोर पदर घेते, त्याच्या वाटेतून बाजूला होते आणि त्याच्याशी बोलत नाही. काही सांगायचंच असेल तर नवऱ्याजवळ सांगते. म्हणून तर जहाजवाले त्या अंगणाबाहेर उभे राहून "बोलला" म्हणायचे ते कुंपणाकडे बघून, आणि ती आतून ऐकायची ती चुलीकडे बघून. ती लग्न होऊन आली तेव्हापासून दोघांत एका शब्दाची देवाणघेवाण झालेली नव्हती.

त्या दिवशी ती घरातून बाहेर आली. पदर डोक्यावर होता. पुरुषांच्या मधून चालत सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हाक काहून नाही मारली?"

म्हाताऱ्या माणसांनी खाली बघितलं. जहाजवाले कुंपणाचा आधार घेत उठले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मी वाट बघत होतो. एकदा तरी बघतील, बोट दाखवतील, म्हणतील की याला विचार. मग मला बोलावं लागलं असतं. माझ्या हातात तेव्हा जो कागद होता त्यावर कारणाच्या रकान्यात मी धुकं असं लिहिलं होतं.

"चुकलं," ते म्हणाले. "माहंच चुकलं."

ती वळली आणि आत गेली. मी कागदावर दोघा साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, त्यातली एक जहाजवाल्यांची. गाडीला किक मारून पाच वाजायच्या आत भंडाऱ्याला परत आलो. बायकोनं विचारलं, काय झालं. म्हटलं, धुक्यात एकजण गेला.

टाकीवरचे भोंगे मी काढले नाहीत. नुसती सूचना पुसली. पुढं त्यावरून मंगळवारची भजनं आणि पाणीपट्टीच्या नोटिसा वाजायला लागल्या. त्या हिवाळ्यात पुन्हा धुकं पडलं तेव्हा डोंगेवाले मिळून जहाजवाल्यांच्या दारात गेले, म्हणाले, काकाजी, चला. ते गेले म्हणतात. दगडावर चढले, कर्णा तोंडाला लावला. लोक पाण्यावर थांबून राहिले. बराच वेळ काही आलं नाही, तसे एकजण परतून बघायला आला. म्हातारा कर्णा लावून उभा होता, छाती वरखाली होत होती आणि घशातून नुसती हवा निघत होती. त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. धुकं असेल त्या दिवशी डोंगे काठालाच बांधून ठेवायचे, असं गावानं आपसात ठरवून टाकलं.

माझी बदली मी मागून घेतली. दुसरा तालुका, दुसरी पंचायत, दुसरे ठराव. वरठीच्या स्टेशनावर एकदा त्या गावचा एकजण भेटला. म्हणाला, जहाजवाले आता ओट्यावर येत नाहीत, घराच्या पायरीवर बसून असतात. समोरून भावाची बायको पाण्याला गेली की उठून उभे राहतात आणि ती दिसेनाशी होईपर्यंत उभेच असतात. ती खाली मान घालून जाते. दिवसातून दोनदा, तीनदा, जेवढे तिचे हेलपाटे तेवढ्या वेळा. माणूस वाळत चाललाय, तो म्हणाला. मी म्हटलं, जाऊन येतो एकदा. गाडी आली आणि तो विषय राहिला.

पावसाळा संपता संपता ते तापानं गेले. मला कळलं तेव्हा दहावं होऊन गेलं होतं. तेव्हा मात्र मी गेलो. कशासाठी, तर जी गोष्ट अंगणात सांगायची राहिली ती सांगायला. मेलेल्या माणसाचं नाव निर्दोष करायला मी निघालो होतो. जिवंतपणी ते माझ्याच्यानं झालं नव्हतं.

ती अंगणात चादरीवर झिंगे वाळत घालत होती. मला ओळखलं, बसायला पोतं टाकलं. मी सगळं सांगितलं. आता घाटावर उभं राहायची गरज नाही असं त्यांना मीच सांगितलं होतं, टाकीवरचा आवाज माझा होता, तुमचा माणूस माझ्या आवाजाच्या मागं तिकडे गेला. जहाजवाल्यांचा काही दोष नव्हता. बोलून झाल्यावर मी वाट बघत राहिलो. ती रडेल, शिव्या देईल, काहीतरी होईल.

ती झिंगे पसरत राहिली.

"मले माहीत होतं, साहेब. मी बी घरीच होती ना त्या दिवशी. भोंगा मले नाही का ऐकू आला?"

मग तुम्ही त्यांना का विचारलं, मला का नाही, मी म्हणालो.

"तुमाले विचारून काय होते? आपल्या मानसालेच विचारते मानूस. रागात निंगून गेलं तोंडातून. रात्री मंग झोप नाही आली."

मी विचारलं, तर मग हे त्यांना कधी सांगितलं का नाही. त्यांच्या मनात काय होतं ते तुम्हाला दिसत असेल. रोज ते पायरीवरून उठून उभे राहायचे.

तिनं हात थांबवला. पदर पुढं ओढून घेतला, जणू ते अजून कुंपणापाशीच बसले आहेत.

"दिसे ना. रोज वाटे सांगावं का तुमचं काही चुकलं नाही. पन भासऱ्यासंगं बोलाची रीत नाही आमच्यात. एकडाव बोलली, थे बी तसं. काही सांगाचं राहिलं का ह्यायच्याजवळच सांगा लागे. बोलत नसत तरी एवढं ह्यायनं त्यायले सांगतलं असतं. आता हेच नाही राहिले. सांगाले कोन होतं?"

एका माणसाचं काम होतं. गावात येऊन तिच्या अंगणातून त्यांच्या पायरीपर्यंत, मधला मोकळा प्लॉट ओलांडून, चार शब्द न्यायचे. मी ते नेऊ शकलो असतो. बदली घेतल्यापासून मी त्या गावाकडे एकदाही फिरकलो नव्हतो.